छोट्या ट्रॅक्टरसाठी ट्रॉली घेताना माप कशाचे धरायचे?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबरची फळछाटणी सुरू झाली की छोट्या ट्रॅक्टरला उसंत राहत नाही. फवारणी, आंतरमशागत, खत पेरणे ही सगळी कामे अठरा ते अठ्ठावीस एचपीचा अरुंद ट्रॅक्टर वेलींच्या ओळींतून करतो. मात्र आपल्याकडे बागा एकाच जागी क्वचितच असतात. वाटणीत आलेला एक तुकडा गावठाणालगत असतो, दुसरा चार किलोमीटरवरच्या शिवारात असतो आणि भाड्याने काम घेणाऱ्याला तर पलीकडच्या तालुक्यातही जावे लागते. हा ट्रॅक्टर रस्त्यावर चालवत नेला तर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर जात नाही, डांबरावर टायरची नक्षी लवकर झिजते, आणि मुंबई–आग्रा महामार्गावर किंवा नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर भरधाव वाहनांच्या मध्ये तो चालवणे जिवावरचे काम असते. म्हणून तो ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये घालून नेण्याची रीत गेल्या काही वर्षांत वाढली आहे, आणि ती योग्यच आहे. ज्या ट्रॉलीत तो न्यायचा तिचे माप मात्र कुणी मोजूनमापून ठरवत नाही. शेजाऱ्याने दहा बाय सहा फुटांची घेतली म्हणून आपणही तीच घ्यायची, किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे तयार उभी आहे ती उचलायची, असे सर्रास चालते. या विषयावर आपल्या शेतकरी वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

पहिला प्रश्न वजनाचा आहे. ट्रॅक्टर किती एचपीचा आहे हे प्रत्येकाला तोंडपाठ असते, पण त्याचे वजन विचारले तर बहुतेक जण अंदाज सांगतात, आणि तो अंदाज नेहमी कमीच असतो. द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचे वजन बनावटीप्रमाणे साधारण सहाशे ते अकराशे किलोच्या दरम्यान असते. चारही चाकांना जोर असणारा असेल, पुढे लोखंडी वजने लावलेली असतील, मागच्या टायरमध्ये पाणी भरलेले असेल, तर त्यात भर पडते. त्याच्या मागे रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) जोडलेला असेल तर आणखी दीडशे ते अडीचशे किलो वाढतात. फवारणी यंत्राच्या टाकीत दोनशे लिटर पाणी शिल्लक राहिले तर दोन क्विंटल वजन आपण विनाकारण वाहतो, शिवाय ते पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि भार हलवते, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. टाकी रिकामी करूनच यंत्र चढवावे, याला अपवाद नसावा. खरे वजन कळायला फार खटपट लागत नाही. बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर अवजारासह एकदा उभा करावा आणि पावती घरी जपून ठेवावी. काट्यावर आधी फक्त मागची चाके आणि नंतर संपूर्ण ट्रॅक्टर असे दोनदा वजन केले तर मागच्या आसावर किती भार आहे तेही कळते, आणि त्याचा उपयोग पुढे सांगतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात आणि त्या अहवालांत वजन, लांबी, रुंदी सगळे दिलेले असते. विक्रेत्याकडे त्या अहवालाची प्रत मागावी. ती मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि तसे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

या वजनात ट्रॉलीचे स्वतःचे वजन मिळवले पाहिजे, आणि नेमके तेच विसरले जाते. समजा ट्रॅक्टर आठशे किलोचा, रोटाव्हेटर दोनशेचा, साखळ्या, फळ्या, डिझेलचा कॅन आणि हत्यारे मिळून शंभर, आणि रिकामी हलकी ट्रॉली सातशे किलोची, तर ओढायचा एकूण भार अठराशे किलो होतो. हीच ट्रॉली जाड चॅनेलची, उंच फाळक्यांची, ऊस किंवा वाळू वाहण्याच्या हिशेबाने बांधलेली असेल तर रिकामीच बारा ते पंधरा क्विंटल भरते आणि एकूण भार दोन टनांच्या पलीकडे जातो. म्हणूनच ‘मोठी घेऊन ठेवू, कधी तरी कामी येईल’ हा विचार मला पटत नाही. मोठ्या ट्रॉलीत जागा उरते, त्या जागेत खताच्या गोण्या येतात, गोण्यांवर मजूर बसतात, आणि एका छोट्या ट्रॅक्टरपुरती घेतलेली गाडी बघता बघता दुप्पट ओझे वाहू लागते. ट्रॅक्टर चढवलेल्या ट्रॉलीत माणूस बसवणे तर कोणत्याही परिस्थितीत होता कामा नये. साखळी सुटली तर पळायला जागा नसते, आणि छाटणीच्या दिवसांत ज्या बायाबापड्या अशा ट्रॉलीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असतात त्यांच्या जिवाची जबाबदारी मालकाचीच आहे.

दुसरी बाजू ओढणाऱ्याची. ट्रॉली ओढता येते का, असा प्रश्न विचारला जातो. खरे तर ती थांबवता येते का, असे विचारायला हवे. आजचा कोणताही ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये स्वतःच्या दुप्पट वजन सहज ओढतो, त्यामुळे मालकाची खात्री पटते. पण गावोगावच्या दोन चाकी ट्रॉल्यांपैकी बहुतेकींना स्वतःचा ब्रेक नसतो, आणि सगळा रेटा एकट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांनी झेलायचा असतो. चाळीस-पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो, त्याच्यामागे अठराशे किलोची ट्रॉली सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने चालेल. तीच ट्रॉली आठशे किलोच्या छोट्या ट्रॅक्टरला जोडली तर मागचे ओझे पुढच्याला ढकलत नेते. चांदवडजवळच्या राहूड घाटासारख्या उतारावर अशी ट्रॉली ट्रॅक्टरच्या पाठीत शिरून आडवी व्हायला क्षणभरही लागत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते, हे गणित तरुण चालकांना कुणीतरी बसवून समजावले पाहिजे. युरोपात मोटारीमागे जोडायच्या, स्वतःचा ब्रेक नसलेल्या ट्रेलरला, त्याचे स्वतःचे वजन आणि माल धरून, साडेसातशे किलोंची मर्यादा आहे. त्या हिशेबाने आपल्या द्राक्षपट्ट्यातला छोट्यात छोटा ट्रॅक्टरसुद्धा बिनब्रेकच्या ट्रॉलीतून नेता येणार नाही. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, वेग कमी आहेत, हे मान्य केले तरी माझे मत असे आहे की ट्रॅक्टर वाहण्यासाठी नवी ट्रॉली बांधून घेताना तिला स्वतंत्र ब्रेक असलाच पाहिजे. ओढणारा हळू झाला की ट्रॉलीच्या पुढे येण्याच्या रेट्यानेच आपोआप लागणारे ब्रेक मिळतात, आणि ट्रॉलीच्या किमतीच्या मानाने तो खर्च जड नाही.

लांबीरुंदीचा विचार वजनानंतर यावा. छोटा ट्रॅक्टर लांबीला आठ ते नऊ फूट आणि रुंदीला तीन ते चार फूट असतो. रोटाव्हेटर जोडून चढवायचा तर लांबी अकरा फुटांच्या आसपास जाते. म्हणजे दहा फुटी साट्यात (ट्रॉलीच्या माल ठेवायच्या तळात) नुसता ट्रॅक्टर मावतो, पण अवजारासह न्यायचा तर मागचा फाळका म्हणजे झडप उघडी ठेवावा लागतो आणि रोटाव्हेटर बाहेर लोंबकळतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर मागे, पुढे, बाजूंना किंवा उंचीत माल आला तर कलम १९४ (१अ) प्रमाणे वीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे. जादा वजनासाठीही वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार अशी तरतूद त्याच कलमात आहे. दंडापेक्षाही मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात ती रोटाव्हेटरची पाती दिसत नाहीत, हे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. बऱ्याच जणांना वाटते की ‘छोटा हत्ती’ म्हणजे लहान टेम्पो स्वस्तात येतो, त्यात काम भागेल. त्याच्या साट्याची लांबी सुमारे सात फूट आणि वाहण्याची क्षमता पाऊण टनाच्या आसपास असते. त्यात आठशे किलोचा नऊ फुटी ट्रॅक्टर घालणे म्हणजे लांबी आणि वजन दोन्ही बाजूंनी नियम मोडणे आहे. पिकअप चालेल, पण तिची क्षमता प्रत्येक मॉडेलप्रमाणे वेगळी असते. ती नोंदणी पुस्तकात पाहून मगच भाडे ठरवावे.

माझ्या मते आपल्या भागात छोटा ट्रॅक्टर अवजारासह वाहण्यासाठी बारा बाय सहाची, बुटक्या साट्याची ट्रॉली सर्वांत सोयीची पडते. बारा फूट कशाला, असे विचारले जाईल. साट्यात वीत-दोन वीत रिकामी जागा उरली पाहिजे, कारण ट्रॅक्टर नेमका कुठे उभा करायचा हे पुढेमागे सरकवून ठरवावे लागते. बैलगाडी भरताना आपले वाडवडील जी काळजी घेत तीच इथे घ्यायची आहे. ओझे मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो; पुढे जास्त झाले तर बैलांची मान दबते. दोन चाकी ट्रॉलीतही भाराचा मध्य आसाच्या किंचित पुढे असावा, म्हणजे एकूण भाराच्या साधारण दहा ते पंधरा टक्के वजन हुकावर येते. अठराशे किलोच्या भाराला ते एकशे ऐंशी ते दोनशे सत्तर किलो होते. एवढे वजन हुकावर आले की ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मागची चाके रस्त्याला घट्ट धरतात आणि ट्रॉली डोलत नाही. भार आसाच्या मागे गेला तर हूक वरच्या बाजूला ओढला जातो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि ब्रेक असून नसल्यासारखा होतो. फार पुढे आला तर ओढणाऱ्याची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही तो वळत नाही. छोट्या ट्रॅक्टरचे साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या आसावर असते, रोटाव्हेटर जोडल्यावर त्याहूनही जास्त. काट्यावर दोनदा वजन करावे असे म्हटले ते यासाठीच. ट्रॅक्टरच्या मागच्या आसावर किती वजन आहे हे माहीत असेल तर तो साट्यात कुठे थांबवायचा याची खूण रंगाने कायमची करून ठेवता येते. चार चाकी, पुढे फिरता आस असलेल्या ट्रॉलीत हुकावर भार येण्याचा प्रश्न राहत नाही, पण ती जड असते, मागे घेताना भल्याभल्यांची परीक्षा पाहते आणि पाणंदीच्या वळणात अडकते, म्हणून केवळ एका छोट्या ट्रॅक्टरसाठी ती घेऊ नये असे मला वाटते.

रुंदी सहा फुटांहून कमी असू नये, कारण चढवणाऱ्याला दोन्ही बाजूंनी उतरून साखळ्या बांधायला जागा लागते. सातपेक्षा जास्तही नको, कारण आपल्या पाणंदी रुंद होणार नाहीत.

साट्याच्या उंचीकडे तर कुणाचेच लक्ष नसते, आणि सर्वांत जास्त धोका तिथेच आहे असे मी ठामपणे म्हणेन. नेहमीच्या मालवाहू ट्रॉलीचा साटा जमिनीपासून तीन फूट किंवा त्याहून वर असतो. त्याला सहा फुटी फळ्या लावल्या तर चढ तीस अंशांचा होतो. मागे जड असलेला ट्रॅक्टर एवढ्या चढावर पुढच्या तोंडाने चढवताना त्याची पुढची चाके उचलली जाऊन तो चालकाच्या अंगावर उलटू शकतो. त्याच साट्याला दहा फुटी उतरणी, म्हणजे चढवण्या-उतरवण्याच्या तिरप्या फळ्या, लावल्या तर चढ साडेसतरा अंशांवर येतो, आणि साटा दोन फुटांचा असेल तर आठ फुटी उतरणीवर पंधरा अंशांच्याही आत राहतो. म्हणून बुटका साटा. शेतात लाकडी फळ्या वापरतात. त्या पावसात भिजलेल्या असतात, चिखलाच्या टायरखाली घसरतात आणि कधी मध्येच कडकन मोडतात. लोखंडी, आडव्या पट्ट्या मारलेल्या, वरच्या टोकाला साट्यात अडकणारा आकडा असलेल्या उतरणी ट्रॉलीबरोबरच बनवून घ्याव्यात. बांधाला किंवा उंचवट्याला ट्रॉली लावून ट्रॅक्टर सरळ साट्यावर घेण्याची जुनी पद्धत चांगली आहे, फक्त बांध भुसभुशीत नसावा. चढवताना ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला जोडलेलीच असावी, त्याचा हँडब्रेक ओढलेला असावा, ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे असावेत, आणि साट्याच्या मागच्या टोकाखाली दोन भक्कम टेकू दिलेले असावेत. टेकू दिले नाहीत तर चढणाऱ्या ट्रॅक्टरची चाके मागच्या टोकावर येताच ट्रॉलीचा दांडा उसळतो आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मागची चाके जमिनीवरून सुटू लागतात. उतार जास्त असेल तर ट्रॅक्टर मागच्या तोंडाने चढवावा, म्हणजे जड भाग वरच्या अंगाला राहतो. मात्र तसे केले की जड भाग ट्रॉलीच्या पुढच्या टोकाकडे जातो आणि उभा करण्याची जागा बदलते. म्हणजे रंगाच्या खुणा दोन लागतील, आणि त्या दोन्हींसाठी साट्यात लांबी हवी. बारा फुटांचा आग्रह धरण्यामागे हेही एक कारण आहे.

बांधण्याबद्दल थोडेच सांगतो. नुसता हँडब्रेक आणि गिअर यांच्या भरवशावर ट्रॅक्टर उभा करून जाऊ नये. चारही कोपऱ्यांतून साखळ्या किंवा रॅचेटचे पट्टे घ्यावेत, ते ट्रॅक्टरच्या चासीला किंवा आसाच्या घराला बांधावेत, स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा हायड्रोलिकच्या हातांना कधीही बांधू नयेत. रोटाव्हेटर साट्यावर टेकवलेला असावा, हायड्रोलिकवर अधांतरी ठेवू नये. कासऱ्याने किंवा नायलॉनच्या दोरीने ट्रॅक्टर बांधलेला दिसतो तेव्हा काळजात धस्स होते. यासाठी साट्याला आधीपासूनच मजबूत कड्या वेल्ड केलेल्या असाव्यात, आणि ते बांधणीच्या वेळी सांगितले तर फॅब्रिकेशनवाला वेगळे पैसेही मागत नाही.

टायरचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. ट्रॉलीला ट्रकचे उतरवलेले जुने टायर घालण्याची पद्धत आहे. बाहेरून ते जाडजूड दिसतात, पण बाजूच्या भिंतींना भेगा पडलेल्या असतात आणि हवा कित्येक महिने कुणी तपासलेली नसते. माती वाहताना टायर फुटला तर माती सांडते. वर ट्रॅक्टर असताना फुटला तर अख्खी ट्रॉली कलंडते, कारण ट्रॅक्टर हे उंच आणि आटोपशीर ओझे आहे, त्याचा भार साट्यावर पसरत नाही. प्रत्येक टायरवर तो किती भार पेलू शकतो याचा आकडा कोरलेला असतो. दोन टायरांची बेरीज एकूण भारापेक्षा चांगली दीडपट तरी असावी, असे मी मानतो.

या सगळ्यात शेतकऱ्याने एकट्याने काय करायचे याला मर्यादा आहे, म्हणून आपल्या दैनिकामार्फत दोन-तीन मागण्या मांडतो. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर छोट्या ट्रॅक्टरला अनुदान मिळते आणि त्यासाठी कागदपत्रांची लांबलचक यादी लागते. त्या यादीत ट्रॅक्टरचे वजन, लांबी, रुंदी आणि मागच्या आसावरील भार मराठीत छापलेला एक कागद विक्रेत्याने शेतकऱ्याला देणे बंधनकारक करावे. ट्रॉली बांधणाऱ्या प्रत्येक कारखान्याने रिकामे वजन, कमाल भार आणि आसाची क्षमता कोरलेली पाटी दांड्यावर रिव्हेटने ठोकावी, आणि ट्रॉलीची नोंदणी करताना परिवहन कार्यालयाने ती पाटी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिसरी मागणी अवजारे भाड्याने देणाऱ्या अवजारे बँकांसाठी आहे. बँकेकडे रोटाव्हेटर असतो, पेरणी यंत्र असते, पण ते आणि छोटा ट्रॅक्टर सुरक्षितपणे नेण्याची एकही ब्रेकवाली बुटकी ट्रॉली नसते. वर्षातून मोजक्या वेळा यंत्र हलवणाऱ्या लहान शेतकऱ्याने स्वतःची ट्रॉली घेणे परवडणारे नाही आणि गरजेचेही नाही. गावात अशी एक ट्रॉली उतरणी आणि साखळ्यांसह भाड्याने मिळाली तर तो ‘छोट्या हत्ती’त ट्रॅक्टर कोंबायला जाणार नाही.

आपल्या कृषी पुरवणीत छाटणीच्या हंगामाआधी निरनिराळ्या छोट्या ट्रॅक्टरांची वजने आणि लांबीरुंदी चाचणी अहवालांवरून घेऊन एक तक्ता छापता आला तर निफाड, दिंडोरीपासून तासगाव, पंढरपूरपर्यंतच्या बागायतदारांना तो कापून गोठ्याच्या भिंतीवर लावता येईल. ही विनंती आपण विचारात घ्यावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक